घासण्याआधी एकदा दाखवा
जुन्या वस्तूंची ओळख, किंमत आणि निगा : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गेल्या दिवाळीच्या आधी नाशिकच्या पंचवटीतल्या एक काकू तांब्याचं घंगाळ घेऊन आल्या. वाडा पाडायला निघाला होता, माळ्यावरची भांडी खाली उतरली होती. दुकानात दाखवायचं तर चांगलं दिसावं, म्हणून त्यांनी ते आधी मशीनवर बफ मारून आणलं. घंगाळ आरशासारखं लखलखत होतं. काठाखाली टिंबाटिंबांनी घातलेलं नाव होतं. त्यातलं आडनाव कसंबसं लागलं, पुढे 'शके 18' इतकं दिसलं आणि उरलेले दोन आकडे पॉलिशात गेले होते. काकू म्हणाल्या, "सासूबाई सांगायच्या, त्यांच्या सासूबाईंच्या लग्नातलं आहे." ते लग्न कोणत्या साली झालं हे सांगणारी घरातली एकच गोष्ट त्या दोन आकड्यांत होती.

म्हणून पहिली विनंती. जुनी वस्तू हाती आली की चिंच, लिंबू, राख, पितांबरी, ॲसिड, बफ यातलं काहीही लावू नका. कोरड्या मऊ फडक्याने धूळ झटका आणि तशीच आणा. मळ आम्ही काढू शकतो, गेलेला पृष्ठभाग कुणालाच परत आणता येत नाही.

तांबं, पितळ, कासं

हे आमचं घरचं काम. आजोबा तांबट लेनमध्ये भांडी ठोकायचे, त्यामुळे इथे थोडं जास्त बोलू.

जुना हंडा किंवा कळशी एका पत्र्यातून निघत नसे. पत्र्याचे तुकडे कापून, कडांना दाते पाडून, एकात एक बसवून झाळलेले असत. भांडं उजेडात तिरकं धरा. तांबड्या पत्र्यावर पिवळसर दातेरी रेघ दिसली तर ते हाताने घडवलेलं आहे. मशीनवर फिरवून काढलेल्या भांड्याच्या बुडाला एकात एक बारीक वर्तुळं असतात आणि पत्रा सगळीकडे सारखा जाड लागतो. ठोक्यांचंही तसंच. आता मशीनने ठोके पाडलेली भांडीही मिळतात, पण ते ठोके सारख्या आकाराचे आणि सारख्या अंतरावर असतात. माणसाचा हात थकतो, ओळ किंचित सरकते.

नंतर झीज बघा. खऱ्या झिजेला कारण असतं. तांब्या जिथे पकडतात तिथे झिजतो, परात ओढून ओढून बुडाला घासते, समईचं नक्षीकाम पुसायच्या फडक्याखाली गुळगुळीत होतं. मुद्दाम जुन्या केलेल्या वस्तूवर काळेपणा सगळीकडे एकसारखा असतो, बोट जिथे रोज लागायला हवं तिथेही. ओल्या कापसाच्या बोळ्याने पुसल्यावर हिरवा-काळा रंग बोळ्यावर आला, तर विकणाऱ्याला दोन प्रश्न जास्त विचारा.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कासं म्हणजे तांबं आणि कथील. ताटाच्या कडेला नखाने टिचकी मारा. कास्याचा नाद लांबत जातो, पितळ लवकर गप्प होतं. कासं ठिसूळ असतं, फरशीवर पडलं तर तडकतं. पोचा ठोकून काढायला कास्याचं ताट कुणाच्याही हातात देऊ नका.

नावाखाली शके घातलेला असेल तर त्यात 78 मिळवा. शके 1829 म्हणजे इसवी सन 1907. वर्ष चैत्रापासून मोजतात, तेव्हा पौष-माघातला मुहूर्त असला तर एक जास्त धरावा लागतो.

रोजच्या वापरातली भांडी खुशाल चिंचेने घासा, कल्हई करून घ्या, ती त्यासाठीच आहेत. ठेवणीतल्या भांड्यावरचा तपकिरी-काळपट थर मात्र धातूचं रक्षण करतो, तो राहू द्या. काळजी करायची ती फिकट हिरव्या, भुकटीसारख्या, बोटाला लागणाऱ्या डागांची. ते आतून धातू खात जातात आणि दमट हवेत वाढतात. असं भांडं वेगळं, कोरड्या जागी ठेवा आणि लवकर आणा. पावसाळ्यात नदीकाठच्या वाड्यांत खालच्या खोल्यांच्या भिंती ओल धरतात, तिथे धातू भिंतीला टेकवून ठेवू नका. गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती पाण्यात गेल्याचं कळलं की काठावरच्या मंडळींनी आधी कागद आणि फोटो वरच्या मजल्यावर न्यावेत. भांडी नंतर धुता येतात.

नाणी

जुना चांदीचा रुपया 11.66 ग्रॅमचा असतो. हा बरोबर जुना एक तोळा. आज सराफ तोळा म्हणतात तेव्हा बहुधा 10 ग्रॅम धरतात, म्हणून आजीचा हिशोब आणि आजचा हिशोब जुळत नाही. व्हिक्टोरिया राणी आणि सातवा एडवर्ड यांच्या रुपयांत बारा भागांतले अकरा भाग चांदी होती. दुसऱ्या महायुद्धात ती निम्म्यावर आली आणि 1947 चा रुपया तर निकेलचा आहे. व्हिक्टोरियाच्या नाण्यावर 1876 पर्यंत 'क्वीन' आणि 1877 पासून 'एम्प्रेस' असतं. घरोघरी सापडणारे रुपये बहुतेक चांदीच्या भावाचेच असतात. हे आधीच सांगतो, म्हणजे नंतर वाईट वाटत नाही.

घरी तीन गोष्टी तपासता येतात. लोहचुंबक लावा, चांदी चिकटत नाही. दागिन्यांच्या काट्यावर वजन करा. भिंगाखाली कडा बघा, साच्यात ओतलेल्या खोट्या नाण्याच्या कडेवर सांध्याची रेघ आणि अंगावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात, अक्षरं विरघळल्यासारखी वाटतात.

शिवराई अजूनही गावाकडच्या घरांत निघते. तांब्याचं छोटं, ओबडधोबड नाणं, एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. शिक्का नाण्यापेक्षा मोठा असायचा, म्हणून एकाच नाण्यावर सगळी अक्षरं क्वचितच बसतात. शिवराई पुढच्या काळातही पाडली जात राहिली, त्यामुळे सगळ्याच महाराजांच्या हयातीतल्या नसतात. पण कोणत्याही शिवराईला लिंबू लावू नका, हा आमचा कळकळीचा निरोप आहे. चांदवडच्या टाकसाळीचा चांदवडी रुपया आपल्याच जिल्ह्यातला, तोही देव्हाऱ्यात पूजेला लावलेला सापडतो. हळदकुंकवाचा थर असेल तर तसाच आणा.

आता फसवणुकीबद्दल. 'ईस्ट इंडिया कंपनी 1818' असं लिहिलेली आणि रामपंचायतन किंवा मारुती असलेली नाणी कंपनीने कधीच पाडली नाहीत. ती खूप नंतरची, बाजारू आहेत. तांब्याचं भांडं किंवा नाणं तांदूळ ओढतं आणि कोट्यवधींना विकलं जातं, हा 'राईस पुलर'चा प्रकार निव्वळ लबाडी आहे, त्यात आपल्या भागातल्या शेतकऱ्यांचेही पैसे गेले आहेत. जुनी नोट लाखाला घेतो, आधी कमिशन भरा, असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये जाहीर केलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारांशी बँकेचा संबंध नाही आणि त्यासाठी तिच्या नावाने शुल्क घ्यायचा अधिकार कुणालाही दिलेला नाही.

नाणी प्लॅस्टिकच्या मऊ, चिकट पाकिटात ठेवू नका, ती पाकिटं हिरवा चिकटा सोडतात. जाड, स्वच्छ कागदाची पाकिटं बरी. चांदीला रबरबँड लावला की वर्षभरात तिथे काळा पट्टा उमटतो. चांदीची भांडी मलमलीत गुंडाळा, वर्तमानपत्रात नको.

चित्रं, कागद, तबकड्या, घड्याळं

वाड्यांच्या ओसरीवरची लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं बहुतेक वेळा छापील असतात. राजा रविवर्म्यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. भिंगाखाली रंगाचे बारीक ठिपके दिसले तर ती छपाई. जुनी छपाईही मोलाची असते, विशेषतः खाली छापखान्याचं नाव शाबूत असेल तर. म्हणून नव्या फ्रेममध्ये बसत नाही म्हणून खालची पट्टी कापू नका. मागची लाकडी फळी कागदाला पिवळा करते, ती बदलावी. उन्हाची भिंत टाळावी.

पोथी किंवा मोडी लिपीतले कागद लॅमिनेट करणं म्हणजे ते कायमचं घालवणं. प्लॅस्टिक पुन्हा सोडवता येत नाही. सेलोटेपही नको. सुती कापडात सैल बांधा, वर्षातून दोनदा सावलीत वारा द्या, दसऱ्याला पूजेला काढता तेव्हा त्यातलं एकदा होऊन जातं. मोडी वाचता येत नाही म्हणून रद्दीत टाकू नका. गहाणखतं, वाटणीपत्रं, दुकानाच्या वह्या यांतून घराण्याचा इतिहास निघतो.

ग्रामोफोनच्या जुन्या, जड, ठिसूळ तबकड्या लाखेपासून केलेल्या असतात. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, तेव्हा स्पिरिटने पुसणं म्हणजे गाणंच पुसणं. उभ्या ठेवा, आडव्या रचल्या की वाकतात. स्टीलची सुई तबकडीची एक बाजू वाजवून झाली की बदलायची. आणि चकचकीत पितळी कर्ण्याचा, कुत्र्याचं चित्र डकवलेला 'जुना' ग्रामोफोन कुणी स्वस्तात दिला, तर तो बहुधा गेल्या काही वर्षांत जोडलेला असतो.

लंबकाच्या घड्याळात खोबरेल किंवा रॉकेल घालू नका, आणि काटे उलटे फिरवू नका. घड्याळ सरळ टांगलेलं नसेल तर लंबक बंद पडतो, यंत्र बिघडलेलं नसतं. यामुळे दुरुस्तीला आलेली कितीतरी घड्याळं आम्ही पैसे न घेता परत पाठवली आहेत.

येवल्याच्या जुन्या पैठणीबद्दल एवढंच. रेशीम गेलं तरी काठ-पदर टिकतो, म्हणून कितीतरी पैठण्या जरीच्या चांदीसाठी जाळल्या गेल्या. मोडीला देण्याआधी पदर आम्हाला बघू द्या. घरी ठेवताना हँगरला लावू नका, दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर ती घडीवरच फाटते.

किंमत कशी ठरते

एकाच वस्तूच्या तीन किमती असतात आणि भांडणं बहुतेक या तिन्हींच्या घोळातून होतात. मोडीची किंमत वजनावर. संग्राहकाची किंमत दुर्मिळता, अवस्था आणि पूर्णपणा यांवर: समयांची जोडी, झाकणासकट पानदान, चावीसकट घड्याळ. वाटणीची किंमत घरच्यांनी आपसात मान्य केलेली, तिला बाजाराशी फारसं देणंघेणं नसतं. ऑनलाइन दिसणारा आकडा हा मागितलेला भाव असतो, मिळालेला नव्हे.

वस्तू कुणाची, कुठून आली, हे लिहून ठेवा. जुनी पावती, लग्नातला फोटो ज्यात ती समई दिसते, असं काहीही चालेल. मोठी माणसं आहेत तोवर विचारून घ्या.

कायद्याची बाजू

1972 च्या पुरातन वस्तू आणि कला खजिना कायद्यानुसार शंभर वर्षांवरची कलावस्तू किंवा नाणं, आणि 75 वर्षांवरचं महत्त्वाचं हस्तलिखित, परदेशी नेता येत नाही. मूर्ती, जुनी चित्रं, कोरीव लाकूडकाम अशा काही प्रकारांची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी करावी लागते आणि पुरातन वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो. आमच्याकडे तो नाही, म्हणून अशा वस्तू आम्ही विकत घेत नाही, फक्त बघून सांगतो. हस्तिदंत आणि वाघनखं घेण्या-विकण्याला बंदी आहे, ती आजोबांची असली तरी.

पाया खणताना नाण्यांचा गाडगा निघाला तर 1878 च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला 1906 मध्ये क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाची 13 हजारांहून जास्त चांदीची नाणी निघाली. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा मारला होता. पांडवलेण्यांतल्या शिलालेखात क्षहरातांच्या पराभवाबद्दल जे कोरलं आहे, त्याचा चांदीतला पुरावा एकाच गाडग्यात मिळाला. ती नाणी दहा घरांत वाटली गेली असती तर हे कळलं नसतं. नाण्यांची आवड असेल तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीचं नाण्यांचं संग्रहालय मुलांना घेऊन जरूर बघा.

आमच्याकडे येताना

ज्या वस्तूची किंमत आम्ही सांगतो, ती त्याच दिवशी विकत घेत नाही. घरी जा, चौघांना विचारा, दुसरीकडेही दाखवा. बघण्याचे पैसे नाहीत, लेखी अंदाज हवा असेल तर शुल्क आधी सांगतो. जड वस्तूचे फोटो चालतील: समोरून, बुडाकडून, आणि नाव किंवा खूण असेल तिथे जवळून, खिडकीच्या उजेडात. घड्याळ आणताना लंबक काढून वेगळा गुंडाळा आणि चावी विसरू नका.