पणजोबांची नोंद सापडते, तरी जातीचा दाखला का अडतो?

अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात भरायचा. रहिवासाचा पुरावा, शाळा सोडल्याचा दाखला आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडायचं. इथवर सगळ्यांचं नीट होतं. अर्ज परत येतात ते जुन्या पुराव्यापायी.

आधी तारखेचा घोळ. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गीयांसाठी 13 ऑक्टोबर 1967. ही अर्जाची मुदत नव्हे. त्या दिवसाआधीची, जात लिहिलेली नोंद हवी; आजोबांची, पणजोबांची किंवा चुलत आजोबांची. नातं मात्र वडिलांकडचं, रक्ताचं. लग्न झालेल्या मुलींनी माहेरचेच कागद काढावेत, सासरचे चालत नाहीत. आणि त्या तारखेला कुटुंब जिथे राहत होतं, तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, आज तुम्ही पुण्यात असलात तरी.

शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मिळाला तर उत्तम. पण ज्यांचे पूर्वज शाळेची पायरीच चढले नाहीत, त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी तहसीलच्या अभिलेख कक्षातलं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. तिथे जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बाळाचं नावच नसतं, नुसतं 'मुलगा' आणि बापाचं नाव. आडनावही नाही, 'राणू धोंडी', संपलं. हा राणू तुमचाच कशावरून, असं विचारलं जाणारच. उत्तर असतं गाव नमुना 6 मध्ये, वारसाच्या फेरफारात, म्हणजे जमीन वारसांच्या नावावर झाल्याच्या नोंदीत: राणू मयत, वारस मुलगे अमुक आणि तमुक. माझं कळकळीचं सांगणं आहे की जातीची नोंद शोधायच्या आधी प्रत्येक पिढीचा फेरफार काढून घ्या. मधली एक पिढी सुटली की जुनी नोंद हातात असूनही उपयोग होत नाही. घरातल्या म्हाताऱ्या आत्यांना आत्ताच विचारून ठेवा: आजोबांना गावात काय म्हणायचे, जमीन कोणत्या शिवारात होती. कागदावर बाळा आणि घरात बाळकृष्ण, असं सर्रास असतं.

नोंद मोडीत असेल तर जाणकाराकडून प्रमाणित लिप्यंतर लागतं. मराठवाड्यात निजामाच्या काळातले कागद उर्दूत आणि फसली सालात, म्हणजे जुन्या महसुली कालगणनेत, मिळतात. त्यात साधारण 590 मिळवले की इसवी सन येतं. जिल्हाही तपासा. लातूर 1982 पूर्वी उस्मानाबादेत होता, वाशिम 1998 पूर्वी अकोल्यात.

'रेकॉर्ड जीर्ण आहे' हे तोंडी उत्तर ऐकून माघारी फिरू नका. लोकांना असं परत पाठवणं हा अन्याय आहे. नकलेचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या, उत्तरही लेखी मागा. माहिती अधिकारात मूळ पुस्तक स्वतः पाहता येतं.

जुन्या नोंदीत जात 'घालून देतो' म्हणणाऱ्या दलालाच्या नादी मात्र लागू नका. पुढे जात पडताळणी समितीचं दक्षता पथक मूळ पुस्तक काढून बघू शकतं. खोटा दाखला रद्द होतो, त्यावर मिळालेला प्रवेश वा नोकरी जाते आणि जात प्रमाणपत्रांच्या 2000 च्या कायद्याखाली गुन्हाही दाखल होतो.