टँक
टँक : द्रवपदार्थ साठविण्याचे मोठे पात्र आणि रणगाडा या दोन अर्थांनी आज रूढ असलेला इंग्रजी शब्द. भारतातील इंग्रजीत मात्र तळे किंवा बांधीव जलाशय हा त्याचा जुना अर्थ असून दक्षिणेत तो अद्याप टिकून आहे; हैदराबादेत हुसेनसागराचा बांध ‘टँकबंड’ म्हणूनच ओळखला जातो.

शब्दाचा उगम वादग्रस्त आहे. एका मतानुसार तो पोर्तुगीज ‘तांक’वरून आला व त्याच्या मुळाशी पाणी अडविणे या अर्थाचे क्रियापद आहे. वास्को द गामाच्या पहिल्या सफरीच्या (१४९७–९९) रोजनिशीत कालिकतच्या वर्णनात हा शब्द येतो. म्हणजे खलाशांनी तो सोबतच आणला असावा, हा या मताचा मुख्य आधार. दुसरे मत गुजराती ‘टांकुं’ व मराठी ‘टाके’ यांकडे बोट दाखवते. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात (१८८६) यूल व बर्नेल यांनी उगम दुहेरी मानला असून तेच अधिक सयुक्तिक वाटते. ध्वनी व अर्थ इतके जवळ असल्यावर किनाऱ्यावरील व्यवहारात दोन्ही शब्द एकमेकांत मिसळणे स्वाभाविक होते.

मराठी ‘टाके’ हा शब्द बहुधा संस्कृत ‘टंक’शी, म्हणजे दगड फोडण्याच्या हत्याराशी, निगडित असावा. पाथरवटाची छिन्नी आजही ‘टाकी’च म्हणवते. शिवनेरीवरील गंगा-जमुना टाक्यांसारखी कातळात खोदलेली टाकी पाहिली की हा संबंध पटतो : तेथे बांधकाम नाही, पाण्याची जागा छिन्नीनेच घडवली आहे. मात्र जुन्या लेखांत ‘टाके’ आढळत नाही. नाणेघाटात सोपाऱ्याच्या गोविंददासाने दान दिलेल्या टाक्याला ब्राह्मी लेखात ‘पोढि’ म्हटले आहे. कान्हेरीच्या लेखांतही हाच शब्द येतो. त्यामुळे ‘टाके’ हा शब्द फार प्राचीन मानताना सावध राहावे लागते.

युद्धविषयक अर्थाचा पाण्याशी संबंध केवळ गुप्ततेपुरता. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी हे चिलखती वाहन तयार करताना ते पाण्याची टाकी असल्याचे भासवले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत ते प्रथम रणांगणावर उतरले आणि सांकेतिक नाव म्हणून दिलेले नावच कायम झाले. मराठीने त्यासाठी ‘रणगाडा’ हा स्वतंत्र शब्द घडवला.

‘टँकर’ हे साधित रूप मात्र मराठीत जसेच्या तसे आले. मराठवाड्यात उन्हाळ्यात गावोगाव पाणी आणणाऱ्या गाडीला दुसरे नाव नाही.