लर्निंगच्या अपॉइंटमेंटला जायच्या आधी कागद एकमेकांशी जुळतात का ते बघा

बारावी झाली की आमच्या चोपडा-अमळनेर साइडला पोरापोरींची लर्निंग लायसन्सची घाई सुरू होते, आणि दरवर्षी कोणी ना कोणी सकाळची एसटी पकडून जळगावला जातं आणि खिडकीवरून परत येतं. कागद सगळे असतात, पण एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. माझ्या पुतणीचं असंच झालं, दाखल्यावर जन्मतारीख एक आणि आधारवर दुसरी, बरोबर आलेल्या माझ्या भावाचा दिवसाचा रोज बुडाला तो वेगळाच. तेव्हापासून ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो की फॉर्म नंतर भरा, आधी आधार, शाळा सोडल्याचा दाखला आणि दहावीचं सर्टिफिकेट शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर बघा.

ज्ञानेश्वर हे नावच घ्या, इंग्रजीत कोणी डी ने सुरू करतं कोणी जी ने, पाटीलमध्ये कुठे एक आय तर कुठे दोन ई, वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण तर दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. लग्न झालेल्या बहिणींचं तर आधार सासरच्या नावाने आणि दाखला माहेरच्या, त्यांनी मॅरेज सर्टिफिकेट नाहीतर नावबदलाचं गॅझेट सोबत ठेवावंच. आधारमध्ये दुरुस्ती करायची तर ती सगळ्यात आधी करा कारण त्याला दिवस लागतात, आणि जन्मतारीख साधारण एकदाच बदलून मिळते, म्हणून कोणता कागद खरा धरायचा ते घरी बसून नीट ठरवा.

आता अर्ज. परिवहनच्या सारथी पोर्टलवर राज्य महाराष्ट्र निवडायचं, पुढे दोन रस्ते आहेत. आधारला मोबाइल लिंक असेल तर ओटीपी येतो, नाव-पत्ता-फोटो आधारवरूनच उचलला जातो आणि परीक्षासुद्धा घरून कॅमेऱ्यासमोर देता येते, २०२१ पासून आपल्याकडे ही सोय आहे. पण आपल्याकडे सिम बदललेलं असतं आणि आधारला जुनाच नंबर असतो, मग ओटीपी येणार कुठून? अशा वेळी एकतर आधार केंद्रात नंबर लिंक करून घ्या, नाहीतर आधारशिवायचा पर्याय घेऊन स्लॉट बुक करा आणि आरटीओत जा, म्हणजे जळगाव (गाडीच्या नंबरात एमएच १९), धुळे १८, नंदुरबार ३९, चाळीसगाव ५२ यापैकी आपलं जे असेल ते.

स्लॉटला जाताना ओरिजनल आणि झेरॉक्स दोन्ही लागतात. वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला, जन्माचा दाखला किंवा पासपोर्ट, पत्त्यासाठी आधार, मतदान कार्ड वगैरे. पॅन कार्डवर पत्ताच नसतो, ते पत्त्याला चालत नाही, तरी लोक तेवढंच घेऊन येतात. सोबत अर्जाची प्रिंट, फी आणि स्लॉटची पावती. फॉर्म १ म्हणजे तब्येतीचं स्वतःचं घोषणापत्र, त्यात फिट येतात का, २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का असं विचारलेलं असतं, ते वाचून खरं भरा, दुसऱ्याच्या हाताने टिक मारून घेऊ नका. चाळिशीच्या पुढच्यांना डॉक्टरचं सर्टिफिकेट, फॉर्म १-अ, लागतं.

वयाचा मुद्दा जरा थांबून वाचा. १६ वर्षाला लायसन्स मिळतं ते फक्त बिनगियरच्या ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं, तेही आईवडिलांच्या संमतीने. कॉलेजला जाणारी पोरं ज्या स्कूटी चालवतात त्या ११०-१२५ सीसीच्या, त्यांना १८ पूर्णच पाहिजे. अल्पवयीन पोरगं विनालायसन्स सापडलं तर पालकाला २५ हजार दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद आहे हो, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिन्यांसाठी रद्द होतं ते वेगळं. गावातल्या गावात चालवतो म्हणून कायदा बदलत नाही.

नियमातली फी गाडीच्या प्रत्येक प्रकाराला १५० आणि परीक्षेचे ५०, म्हणजे मोटारसायकल आणि कार दोन्हीचे ३५०, कोणी हजारोंचा आकडा सांगितला तर हा हिशोब डोक्यात ठेवा. परीक्षेत १५ प्रश्न, ९ बरोबर आले की पास, भाषा मराठी निवडा आणि आधीच्या रात्री रस्त्यावरच्या खुणा बघून घ्या, जास्त करून तिथेच चुकतं. नापास झालात तर ५० भरून परत देता येते.

लर्निंग ६ महिने चालतं आणि ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सला अर्ज करता येतो. तोपर्यंत गाडीला पुढेमागे पांढऱ्यावर लाल एल लावायचा आणि कार शिकताना शेजारी लायसन्सवाला माणूस पाहिजेच. कपाशी वेचणीत, केळीच्या कामात ६ महिने कसे निघून जातात कळत नाही आणि मग सगळं पहिल्यापासून, म्हणून ३१ व्या दिवशीच पुढचा स्लॉट बघा आणि जुळवलेल्या कागदांची फाइल तशीच राहू द्या, पक्क्याच्या वेळी तीच परत लागते.