खुलासा: फंक्शनल भाषेतही मधूनच बाहेर पडता येतं

‘फंक्शनल प्रोग्रामिंग भाषेत रिटर्न (फंक्शनमधून मधूनच बाहेर पडायची आज्ञा) नाही, म्हणून उत्तर सापडलं तरी अख्खी यादी फिरावीच लागते’ हा समज चुकीचा आहे. ओकॅमल या फंक्शनल भाषेचंच बघा. एका लिस्ट.आयटरच्या (यादीतल्या प्रत्येक घटकावर काम चालवणाऱ्या फंक्शनच्या) पोटात दुसरं असलं, तरी आतून रेझ केलेलं (फेकलेलं) एक्सेप्शन, म्हणजे नेहमीचा क्रम तोडणारा इशारा, दोन्ही थर ओलांडून थेट बाहेरच्या ट्रायपाशी (तो झेलणाऱ्या भागापाशी) पोचतं, सापडलेलं उत्तर सोबत घेऊनच. २०१६ च्या ४.०४ आवृत्तीपासून ‘लेट एक्सेप्शन’ लिहून ते त्या फंक्शनपुरतंच जाहीर करता येतं. एक्सेप्शन संथ असतात ही भीतीही इथे नको. ओकॅमलमध्ये ती मुळातच स्वस्त आहेत, आणि साध्या रेझऐवजी रेझ_नोट्रेस वापरलं तर बॅकट्रेसचा (एक्सेप्शन कुठून आलं याच्या नोंदीचा) खर्चही वाचतो. नुसतं ‘पुढे जाऊ नका’ सांगायचं असेल तर मात्र मला ऑप्शन.बाइंड (उत्तर असेल तरच पुढची पायरी चालवणारं फंक्शन) जास्त पटतं: नन (None, म्हणजे ‘उत्तर नाही’) आलं की पुढची पायरी चालतच नाही, आणि वाचणाऱ्याला ते टाइपवरूनच (मूल्याच्या प्रकारावरूनच) कळतं.