संदर्भसाधने, शालेय प्रकल्पातील

शालेय प्रकल्पासाठी माहिती ज्यांतून घेतली जाते ती पुस्तके, कागदपत्रे, शासकीय अहवाल, वृत्तपत्रे, संकेतस्थळे आणि जाणकारांच्या मुलाखती यांना संदर्भसाधने म्हणतात. घटनेच्या काळातील किंवा ती स्वतः पाहिलेल्या व्यक्तीचे साधन अस्सल, तर अशा साधनांच्या आधारे पुढे लिहिलेले साधन दुय्यम मानतात.

शोधाचा प्रारंभ विश्वकोशापासून करणे सोयीचे असते. वाई येथे सिद्ध झालेला मराठी विश्वकोश आता संकेतस्थळावरही खुला आहे, आणि त्यातील अनेक नोंदींखाली दिलेले संदर्भग्रंथ विद्यार्थ्याला ग्रंथालयात नेमके काय मागावे हे सांगतात. गावाच्या किंवा तालुक्याच्या माहितीसाठी जिल्हा गॅझेटिअर (जिल्ह्याची समग्र माहिती देणारा शासकीय ग्रंथ) आणि जनगणनेची जिल्हा पुस्तिका यांना पर्याय नाही. मात्र त्यांतील आकडे कोणत्या काळाचे आणि किती प्रदेशाचे आहेत, हे आधी पाहावे लागते. ब्रिटिशकालीन मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा खानदेश खंड १८८० मध्ये निघाला, तेव्हा आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे प्रदेश एकाच जिल्ह्यात होते. १९०६ मध्ये त्या जिल्ह्याचे पूर्व (आजचा जळगाव) व पश्चिम (पुढचा धुळे) असे विभाजन झाले आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. त्या खंडातील लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतील एकट्या धुळे जिल्ह्याच्या लोकसंख्येशेजारी मांडली, तर दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असूनही वाढीचा हिशेब साफ चुकतो.

साधन पारखताना ते कोणी, केव्हा, कशासाठी आणि कशाच्या आधारे लिहिले, हे विचारावे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद याचे उत्तम उदाहरण आहे. उत्तरकालीन बखरींतले १६२७ हे वर्ष ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या १८२६ मधील मराठ्यांच्या इतिहासात आले आणि पुढे पुस्तकामागून पुस्तकांत उतरत राहिले. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत (जेधे घराण्याकडील, घटनांच्या वर्षवार नोंदींत) मात्र शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी मिळाली, आणि महाराजांच्या पदरी असलेल्या कवींद्र परमानंदाच्या शिवभारत या संस्कृत काव्यातही तीच आढळली. एकमेकांवरून न उतरवलेल्या या दोन साधनांचा मेळ बसणे, हे १६२७ चा उल्लेख करणाऱ्या पुस्तकांच्या संख्येपेक्षा कितीतरी वजनदार आहे, कारण त्या पुस्तकांचे मूळ पाहू जाता पुन्हा त्याच बखरी हाती लागतात. संकेतस्थळांवर तर एकच मजकूर शब्दशः अनेक ठिकाणी सापडतो. तेथे ही कसोटी अधिकच काटेकोरपणे लावावी लागते.

प्रकल्पवहीत प्रत्येक माहितीसमोर लेखक, ग्रंथ, प्रकाशनवर्ष व पृष्ठक्रमांक, संकेतस्थळ असल्यास पाहिल्याची तारीख, आणि मुलाखत असल्यास सांगणाऱ्याने ती घटना पाहिली की ऐकली, हे त्याच वेळी लिहून ठेवतात.