प्राणवायू परत येतो तेव्हा

रक्तवाहिनीतली गुठळी निघाली म्हणजे धोका टळला, असा सर्वसाधारण समज आहे. गुठळी लवकरात लवकर काढलीच पाहिजे, यात दुमत नाही. पण हृदयाच्या आणि मेंदूच्या कित्येक पेशी प्राणवायूविना कशाबशा तग धरतात आणि रक्त पुन्हा वाहू लागल्यावर मरतात. का? उत्तर पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात आहे, आणि मला ते फार विलक्षण वाटतं.

मायटोकॉन्ड्रिया एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बनवतात, हे शाळेत शिकलेलं असतं. हे काम करणारं प्रथिन, एटीपी सिंथेज, अक्षरशः गरगर फिरतं. प्राणवायू संपला की ते उलटं फिरू लागतं आणि उरलंसुरलं एटीपीच फस्त करतं! तेवढ्यात पेशीत आम्ल साचतं. त्या आम्लतेत आयएफ1 नावाचं चिमुकलं प्रथिन जागं होतं आणि या चक्राला खीळ घालतं.

आम्लता आणखी एक उपकार करते. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलात एक छिद्र उघडू शकतं. आम्लता असेपर्यंत ते बंद राहतं. दरम्यान सक्सिनेट, म्हणजे अन्नापासून ऊर्जा बनतानाचा एक मधला पदार्थ, साचत जातं. रक्त परतलं की हे सक्सिनेट झपाट्याने जळतं, इलेक्ट्रॉन श्वसनसाखळीत (आतल्या पटलातल्या, इलेक्ट्रॉन पुढे पुढे देणाऱ्या प्रथिनांच्या रांगेत) उलटे तिच्या सुरुवातीच्या कॉम्प्लेक्स 1 या प्रथिनसमूहाकडे ढकलले जातात आणि तिथून सुपरऑक्साइड या प्राणवायूच्या घातक रूपाचा लोंढा निघतो. कॅल्शियम आत घुसतं, आम्ल धुऊन जातं, सायक्लोफिलिन डी हे प्रथिन छिद्र उघडायला हातभार लावतं. पटलावरचा विद्युतदाब कोसळतो, पाणी आत शिरतं, मायटोकॉन्ड्रिया फुगून फुटतात. हे छिद्र नेमकं कोणत्या प्रथिनांचं, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही.

2005 साली सायक्लोफिलिन डी नसलेल्या उंदरांवर प्रयोग झाले. रक्तपुरवठा तोडून पुन्हा सुरू केल्यावर त्यांच्या हृदयाची आणि मेंदूचीही हानी कमी झाली. सायक्लोस्पोरिन हे औषध याच प्रथिनाला रोखतं, त्यामुळे आशा वाढली. पण 2015 मध्ये हृदयविकाराच्या झटक्याच्या रुग्णांवरील मोठ्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. इतक्या नेमक्या औषधाची ही गत, तर ‘मायटोकॉन्ड्रिया बळकट करणाऱ्या’ गोळ्यांच्या जाहिरातींवर कुणी पैसे घालवू नयेत.

आता काही संशोधक मुळाशीच जात आहेत: सक्सिनेट जळूच द्यायचं नाही. मॅलोनेट हे साधं रसायन ते ज्वलन अडवतं, आणि प्राण्यांच्या हृदयात त्याने हानी कमी झालेली दिसली आहे. मात्र ते रक्तप्रवाह सुरू होतानाच पोचावं लागतं, कारण सुपरऑक्साइडचा लोंढा पहिल्या काही मिनिटांतच येतो.