संत्रा बर्फीची बॅग बाजूला का काढतात? सिक्युरिटीच्या लाईनमागचं विज्ञान

नागपूरहून पुण्याला, मुंबईला सारखं ये-जा करणाऱ्यांच्या बॅगेत संत्रा बर्फीचे डबे असतातच, आणि कधीकधी नेमकी तीच बॅग एक्स-रे मशीनमधून निघून आपल्याकडे यायच्या ऐवजी बाजूच्या पट्ट्यावर जाते, मग "ये किसका बॅग है" म्हणून हाक येते, बॅग उघडा, डबा दाखवा, मागचे लोक थांबून राहिले. माणूस चिडतो, म्हणतो मिठाईत काय राहते बे? पण इथे चूक स्क्रीनसमोर बसलेल्या जवानाची नसते, त्याला जे चित्र दिसते ते समजून घेतलं की अर्धा राग तिथेच जातो.

ते मशीन बॅगेतून आरपार गेलेले दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे एक्स-रे तपासते. जड अणू, म्हणजे लोखंड, तांबं वगैरे, जास्त ऊर्जेच्या किरणांपेक्षा कमी ऊर्जेचे किरण खूप जास्त शोषतात. कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन अशा हलक्या अणूंमध्ये हा फरक कमी असतो, मग दोन्ही मोजमापांची तुलना करून कॉम्प्युटर अंदाज बांधतो की पदार्थ कशाचा आहे आणि त्याला रंग देतो, धातू निळा, मधलं-अधलं हिरवं, आणि हलक्या अणूंचं सगळं नारंगी. बर्फी नारंगी, चीज नारंगी, साबण, चॉकलेट, पुस्तकं नारंगी. आणि बहुतेक स्फोटकंही ह्याच चार अणूंची बनलेली, म्हणून तीही नारंगी. आता खव्याचा घट्ट, एकसारख्या घनतेचा ठोकळा आणि शेजारी चार्जरच्या वायरी, हे चित्र पाहून कोणीही दुसऱ्यांदा बघणारच ना. म्हणून मिठाई आणि वायरी वेगवेगळ्या कप्प्यात ठेवा, एवढ्यानेही फरक पडतो.

लॅपटॉप बाहेर काढायला लावतात त्याचं कारणही चित्रातच आहे. साधं मशीन सपाट चित्र देते, बॅगेतल्या सगळ्या वस्तूंच्या सावल्या एकमेकींवर पडतात, आणि लॅपटॉपची बॅटरी, बोर्ड, धातूची बॉडी इतकी दाट असते की तिच्या खाली-वर काय आहे ते कळतच नाही. यावरचा उपाय दवाखान्यातून आला. गॉडफ्रे हाउन्सफील्डच्या सीटी स्कॅनरने 1971 मध्ये पहिल्यांदा जिवंत माणसाच्या मेंदूचं चित्र घेतलं, 1979 चं नोबेल त्याला अॅलन कॉर्मॅकसोबत मिळालं. तेच तंत्र बॅगेला लावलं की एक्स-रेचा स्रोत बॅगेभोवती फिरतो, शेकडो बाजूंनी मोजमाप होते आणि ऑपरेटर स्क्रीनवर बॅग गोल फिरवून, आडवे काप करून पाहू शकतो. अशा मशीनला लॅपटॉप आतच राहिला तरी चालते.

पाण्याच्या बाटलीचंही तसंच. आंतरराष्ट्रीय फ्लाइटला 100 मिलीचा नियम आला तो ऑगस्ट 2006 नंतर, लंडनहून अमेरिकेला जाणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवायचा कट उघड झाला तेव्हा. साध्या एक्स-रेत पाणी आणि धोकादायक द्रव यांच्यात भरवशाने फरक करता येत नव्हता म्हणून सरळ मापच बांधून टाकलं. सीटीने घनता बारकाईने मोजता येते, त्यामुळेच ब्रिटनच्या काही विमानतळांवर हा नियम आता सैल झालाय.

पण मशीन कितीही भारी आणलं तरी शेवटी बघतो माणूस, आणि मला वाटते याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोललं जाते. 2005 मध्ये जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी नेचरमध्ये एक प्रयोग छापला. लोकांना वस्तूंच्या गर्दीत अवजारं शोधायला लावली, निम्म्या चित्रांत अवजार होतं तेव्हा सुमारे 7 टक्के सुटली, आणि 100 चित्रांत एकातच होतं तेव्हा सुमारे 30 टक्के. म्हणजे जी वस्तू क्वचितच दिसते ती डोळ्यासमोर असूनही निसटते. विमानतळावर तर खरं हत्यार 100 बॅगांतही नसते! म्हणून मशीन मधूनमधून खोट्या बंदुकीचं चित्र खऱ्या बॅगेत मिसळून दाखवते, ऑपरेटरचं लक्ष टिकावं म्हणून, आणि युरोपच्या नियमात सलग 20 मिनिटांच्या वर स्क्रीन पाहायला बसवत नाहीत. तेव्हा त्या माणसावर ओरडून घाई करणं आपल्याच जिवाशी खेळणं आहे.

हातावर किंवा बॅगेवर पट्टी फिरवून मशीनमध्ये घालतात, ते मशीन स्फोटकांचे कण शोधते. नमुना तापवून त्याच्या रेणूंना विद्युतभार देतात, विद्युत क्षेत्रात कोणता रेणू किती मिलिसेकंदात नळी पार करतो यावरून तो ओळखतात, एक ग्रॅमच्या अब्जांश भागाएवढा कणही पुरतो. आता आपला विदर्भ पाहा, कोळशाच्या खाणी इथे, स्फोटकांचे कारखाने इथे, स्फोटकांवर देखरेख करणाऱ्या पेसोचं मुख्य ऑफिसही सेमिनरी हिल्सला. खाणीत ब्लास्टिंगवर काम करणाऱ्याच्या कपड्यावर असे कण खरंच असू शकतात, काही खतांनी आणि हृदयाच्या नायट्रोग्लिसरीनच्या औषधानेही अलार्म वाजू शकतो. अशा माणसाने घाबरायचं नाही, काय काम करतो ते सरळ सांगायचं, प्रिस्क्रिप्शन जवळ ठेवायचं.

पॉवर बँक मात्र केबिनमध्येच, चेक-इनच्या बॅगेत अजिबात नाही. लिथियम बॅटरी एकदा आतून तापत गेली की स्वतःच उष्णता वाढवत जाते, केबिनमध्ये क्रू पाणी ओतून ती थंड करू शकतो, खाली सामानात कोण जाणार? परवानगीशिवाय मर्यादा 100 वॉट-अवर. 20,000 एमएएचला 3.7 व्होल्टने गुणून हजाराने भागा, 74 येतात, चालते.

आता लाईनचं. डिजियात्रा डिसेंबर 2022 ला सुरू झाली, चेहरा दाखवून गेटमधून आत, छान आहे, पण गेट जलद झालं तरी गर्दी पुढे बेल्टपाशी जाऊनच साचते. समजा एका लेनला माणशी 24 सेकंद लागतात, तर 180 जणांच्या विमानाला 72 मिनिटं. प्रत्येकाने कमरेचा बेल्ट आणि लॅपटॉप काढण्यात फक्त 6 सेकंद जास्त घेतले की 90 मिनिटं झाली. मशीनच्या आधी लांब टेबल ठेवलं, चारपाच जण एकाच वेळी ट्रे भरू शकले, की हे सेकंद वाचतात, त्याला काही कोटींचं मशीन लागत नाही.

सीटी मशीनची सक्ती आपल्याकडे आधी आली ती वर्षाला 50 लाखांच्या वर प्रवासी असलेल्या विमानतळांसाठी, आणि नागपूर त्या आकड्याच्या बरंच खाली आहे. मला हा निकष पटत नाही. लाईन वर्षाच्या बेरजेने लागत नाही, ती सकाळी एकापाठोपाठ सुटणाऱ्या तीनचार फ्लाइटने लागते, दिवाळीत लागते, हिवाळी अधिवेशनाच्या आठवड्यात लागते. कोणत्या तासाला किती माणसं एका लेनवर येतात ते मोजा आणि त्यावर मशीन द्या, मग नागपूर, इंदूर, रायपूर यांचाही नंबर लवकर लागेल.